काज-बटणाच्या हॉलातली मथूमावशी

मी आठ वर्षं पगार घेतला तो चोऱ्यामाऱ्यांच्या गोष्टी वाचून दाखवण्याचा. हे ऐकून माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "नाही, पण आजी, खरं काय काम करत होता?" अहो, खरं हेच करत होते! बंगळूरच्या चिकपेटमध्ये एका शिंपीकामाच्या कारखान्यात बारा बायका खाली मान घालून कोटांना काजं करायच्या आणि त्यांच्यासमोर उंच स्टुलावर बसून मी मोठ्यानं वाचायची. त्यात लाज वाटण्यासारखं मला तेव्हा काही दिसलं नाही आणि आता ऐंशी ओलांडल्यावर तर मुळीच दिसत नाही.

परवा आमच्या मंडळात एक विद्वान पाहुणे बोलायला आले होते. हलक्याफुलक्या रहस्यकथांनी मराठी वाचकाची अभिरुची कशी बिघडवली, हा विषय. ना धड खून, ना धड साहित्य, असं म्हणाले. हेरगिरी करायची तर पोलिसानं करावी, कुठली तरी मावशी पोळ्या लाटता लाटता चोर पकडते हा पोरखेळ आहे, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारची मुलगी काळजीनं म्हणाली, "आजी, बरं वाटत नाही का?" म्हटलं, "मला झकास वाटतंय. त्यांनाच पाणी द्या कुणीतरी." घरी आले ती तणतणतच आले आणि लिहायला बसले.

मी निपाणीची. लग्न होऊन बंगळूरला आले ती पन्नासच्या दशकात, नवे पैसे यायच्या आधी. सासरची माणसं शिंपी, तीनशे वर्षांमागं इकडं येऊन राहिलेली. घरात मराठी बोलत, पण त्यात 'बरं'च्या जागी 'सरी' आणि 'जरा'च्या जागी 'स्वल्प' घातल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. शाळा सगळ्यांची कानडी. त्यामुळे मराठी बोलणारं अख्खं घर, आणि मराठी वाचता येणारं एकही माणूस नाही! देवघरात लाल फडक्यात बांधलेली पोथी होती. तिला रोज फूल वाहत, गुरुवारी उदबत्ती लावत. पण ती सोडून वाचणारं माणूस दोन पिढ्यांत उरलं नव्हतं. मी ती सोडली आणि घडाघडा वाचली, तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यापुरतंच आलं बरं का! कारण एरवी मी त्या घराला लागलेलं ग्रहण होते. शिंप्याच्या घरातली सून आणि मला सरळ धावदोरा घालता येत नव्हता. "हिनं शिवलेलं झबलं घातलं की पोर रडतं," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. खोटं नव्हतं ते. मी शिवलेल्या झबल्याची एक बाही नेहमी दुसरीपेक्षा मोठी व्हायची. त्या घरात ज्याचा हात चालतो त्यालाच किंमत, आणि माझा हात चालत नव्हता.

कारखाना यांच्या थोरल्या चुलत भावाचा, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचा. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. त्यांनी पोथीची गोष्ट ऐकली आणि निरोप पाठवला, "हॉलात येऊन वाच. बायका गप्पा मारत बसतात, पोथीनं तरी गप्प होतील." पगार ठरला. सासूबाई म्हणाल्या, "तोंडाचा पगार! ऐकलं नव्हतं कधी." मी म्हटलं, आता ऐका.

हे काम काय असतं ते सांगते, कारण आता सगळं मशीन करतं. कोटाचं बटण ज्या भोकातून जातं ते काज. आधी कटिंग मास्तर खडूनं रेघ मारतो, त्या रेघेवर कापड कापायचं आणि कडेनं मेणाच्या दोऱ्यानं एकाला एक लागून टाके घालत फिरायचं. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान तेवढे रिकामे. त्या रिकाम्या कानांत काही घालायचं हे माझं काम. एकच नियम होता. एखादीचा दोरा संपला की ती "स्वल्प थांब" म्हणायची आणि नवा दोरा ओवून होईपर्यंत मी थांबायची, म्हणजे तिचं एक वाक्यसुद्धा चुकायला नको.

बायका सगळ्या आमच्या घरासारख्याच, मराठी बोलणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या. पहिले तीन-चार महिने नुसती पोथी चालली. एकदा अध्याय लवकर संपला, चहाला अवकाश होता आणि पिशवीत भावानं धाडलेली कादंबरी होती. निपाणीहून तंबाखूच्या लॉरीतून यायची पुस्तकं, पानापानाला तंबाखूचा वास. त्या कादंबरीत मथूमावशी नावाची एक खानावळवाली. अंगानं जाड, जिभेनं तिखट, गावातल्या सगळ्यांची ताटं ओळखणारी. तिच्याकडे जेवायला येणारे निवृत्त पोस्टमास्तर बापूराव स्वतःला मोठे हेर समजायचे. ते दर पुस्तकात चुकीच्या माणसाला पकडायचे आणि पेढे घेऊन त्याची माफी मागायला जायचे. त्या पुस्तकात देवळातली चांदीची समई चोरीला जाते. फौजदार दहा जणांचे जबाब घेतो. एकजण म्हणतो, मी एकादशीचा उपास करून घरी पडलो होतो. मथूमावशी त्याच्याकडे बघत असते. त्याच्या मिशीला मोहरीचा दाणा चिकटलेला असतो.

मी एवढं वाचलं मात्र, हॉलात बोंब उठली. "मोहरी! उपासाला मोहरी खाल्लीन् मेल्यानं! अगं तोच, तोच चोर!" फौजदाराला कळायला पुढची चाळीस पानं लागली. या बायकांना दाणा दिसल्याबरोबर कळलं. खुशीनं एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. त्या दिवशी मला समजलं की या पुस्तकांत काय आहे. या बायकांना आयुष्यभर कुणी हुशार म्हटलं नव्हतं. घरी, दारी, मास्तर, मालक, सगळे सांगणारे. आणि इथं एक पुस्तक सांगत होतं, की बाई, तुला जे फोडणीतलं कळतं ते फौजदाराला कळत नाही. रक्ताचा थेंब नाही, भीती नाही, हसून हसून पोट दुखतं आणि शेवटी समई देवळात परत. विद्वानांना यात काय खुपतं देव जाणे!

हसणं ऐकून अण्णा आले. बराच वाद झाला आणि तह ठरला तो असा, सकाळी पोथी, जेवणानंतर "ते तुझं काय असेल ते". त्याचा फायदा अण्णांनाही दिसत होता, कारण जेवणावर पेंगणाऱ्या बायका आता टक्क जाग्या असत. शेवटचं प्रकरण आलं की सगळ्याजणी दोन-दोन हात लांब दोरा ओवून बसत, मधे थांबायला नको म्हणून. लांब दोऱ्याला गाठी पडत आणि मग शिव्या कुणाला, तर बापूरावांना.

हॉलातली थोरली तुळसक्का. पन्नाशीची, काळीसावळी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या. कानडी तिसरी शिकलेली आणि चिकपेटमध्ये तिच्यासारखं काज करणारं माणूस नव्हतं. ती लेखकाला सोडायची नाही. एकदा लेखकानं लिहिलं की ओल्या मांजरपाटावर शाईचा गोल डाग पडला. तुळसक्का आधी कानडीत "साकु!" म्हणाली आणि मग मराठीत, "पुरे! मांजरपाटावर डाग कुठला गोल पडतोय? ताण्याच्या, उभ्या धाग्याच्या बाजूनं लांबतो. लिहिणाऱ्याला इथं आणून बसव माझ्या शेजारी." मी ते पत्रानं प्रकाशकाला कळवलं होतं. उत्तर आलं नाही.

अशी आठ वर्षं गेली. घरातही माझं आसन पक्कं झालं होतं. सासूबाई आल्यागेल्याला सांगू लागल्या होत्या, "वाचायचा पगार घेते हो आमची सून." मग ते कोटांचं प्रकरण झालं.

कँटोन्मेंटातल्या एका हॉटेलच्या वेटरांसाठी चोवीस पांढरे कोट होते. संध्याकाळी इस्त्रीवाला दिवसभराचे गठ्ठे घेऊन ओरडत वर आला. चोवीसच्या चोवीस कोटांची काजं उलट्या बाजूला! पुरुषाच्या कोटाला काज डाव्या पल्ल्यावर असतं आणि बाईच्या कोटाला उजव्या. या सगळ्यांना उजव्या पल्ल्यावर केलेली होती. काज एकदा कापलं की कापलं, उसवून पुन्हा जोडता येत नाही. चोवीस पल्ले वाया आणि माल परवा द्यायचा.

कटिंग मास्तरांनी एका क्षणात निकाल दिला. "मी सांगत होतो अण्णा! ह्या फिदीफिदी हसतात, ध्यान गोष्टीत. दुसरं काय होणार?" त्या दिवशी दुपारी आमचं शेवटाकडंच चाललं होतं, हे खरं. हरवलेल्या अडकित्त्याचं प्रकरण, सहा पानं उरली होती. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्यापासून नुसती पोथी. ते दुसरं बंद."

बायका माना खाली घालून उभ्या राहिल्या. तुळसक्का मात्र कोटांच्या गठ्ठ्यांशी गेली आणि एकेक कोट उलटापालटा करायला लागली. मला तिची चाल ओळखू आली. मथूमावशी ताटं बघत फिरते तशी ती कोट बघत फिरत होती!

"मास्तर," ती म्हणाली, "परवा आपण काय शिवलं?"

"दवाखान्यातल्या नर्सांचे कोट. त्याचं काय?"

"तेही पांढरे. बायकांचे. उजव्या पल्ल्याचे." तिनं एक काज नखानं जरा उकललं. टाक्याच्या खाली निळ्या खडूची रेघ होती. "रेघ तुमची आहे की नाही? आम्ही रेघेवर कापतो. तुमचा हात नर्सांच्या वळणावर राहिला, मास्तर. आमचे डोळे पण आंधळे झाले होते, ते मी नाही म्हणत नाही. बटण लावताना तरी दिसायला पाहिजे होतं. पण सुरुवात खडूची."

मास्तर खडूची वडी खिशात घालायला लागले. आमच्यातली एकजण खुदकन हसली. प्रकरण तिथंच मिटलं असतं. अण्णा कडक होते, पण अन्यायी नव्हते. रात्रभर विचार करून सकाळी मुकाट्यानं बसू दिलं असतं त्यांनी. पण माझ्या जिभेला हाड आहे कुठं?

आमच्याकडं सकाळचे गठ्ठे पांढऱ्या चिंधीनं बांधत आणि दुपारचे लाल चिंधीनं, इस्त्रीवाला दोनदा न्यायला यायचा म्हणून. मी पुढं झाले, दोन्ही गठ्ठे उचलले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, हे बघा! पांढऱ्या चिंधीचे दहा कोट, तेही उलटेच. हे सकाळचे आहेत. सकाळी पोथी चालली होती! गोष्टीनं ध्यान जातं म्हणता, मग पोथीनं काय केलं?"

मला वाटलं, जिंकले! पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणात असंच असतं की, सगळे जमलेले आणि चोराचा चेहरा पडलेला. पण इथं चेहरा पडला तो अण्णांचा, आणि ते चोर नव्हते. घरचे थोरले होते. धाकट्या भावजयीनं कामगारांसमोर, देवाच्या पोथीवरून, त्यांना निरुत्तर केलं होतं.

"सरी," अण्णा अगदी हळू म्हणाले. "गोष्टही नको, पोथीही नको. वाचणंच नको. घरी जा."

चूक माझी होती. मुद्दा माझा खरा होता, आजही खरा आहे, तो मी मागं घेणार नाही. पण मथूमावशीनं हेच अण्णांना बाजूला घेऊन, हातात चहाचा पेला देऊन सांगितलं असतं. एवढी पुस्तकं वाचून मी तेवढं शिकले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सुई आणि दोऱ्याचं रीळ माझ्यापुढं ठेवलं. मी बसले. बोटं टोचून घेतली. यांनी अण्णांशी बोलायचं कबूल केलं, पण यांचं आणि अण्णांचं बोलणं म्हणजे "होय अण्णा" एवढंच.

चौथ्या दिवशी कारखाना सुटल्यावर तुळसक्का दारात. मला वाटलं, अडकित्ता कुणी नेला ते विचारायला आली. मी तोंड उघडलं तशी तिनं हात वर केला. "सांगू नको! अय्यो, मुळीच सांगू नको. आज तू सांगशील, मग उद्याच्या पुस्तकाचं काय? मला वाचायला शिकव."

"तुळसक्का, या वयात?"

"काज करताना डोळे चालतात, मग अक्षरांना का चालणार नाहीत? शिकव म्हणते ना!"

मी तिच्या शिंपीकामाच्याच खडूनं आमच्या परसातल्या काळ्या फरशीवर दोन रांगा लिहिल्या. डावीकडं कानडी अक्षर, उजवीकडं तेच मराठी. मला दोन्ही येत होती, निपाणीचा तेवढा उपयोग. कानडी तिला लावून लावून वाचता येत होतं, त्यामुळं एकेक जोडी ती काजाच्या टाक्यासारखी घट्ट बसवत गेली. जोडाक्षरांशी भांडली. 'क्ष'ला तिनं काय काय नावं ठेवली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. पण ती सहा पानं तिनं सोडली नाहीत. रोज संध्याकाळी यायची, बोट ठेवून एकेक ओळ पुढं सरकवायची आणि अर्ध्या पानावर घाम पुसत घरी जायची. मी तोंडावर पदर धरून बसायची, न जाणो चुकून शेवट निसटला तर!

तीन आठवड्यांनी तिचं बोट त्या नावावर आलं. तिनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं, परत एकदा वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हॅ! हे तर मला दुसऱ्या प्रकरणातच कळलं होतं." आणि मग पुस्तक उराशी धरून ती रडायला लागली. मीही रडले. सासूबाई आतून विचारत होत्या, कोण गेलं म्हणून.

आता सांगा मला, विद्वान महाशय! पोथीला आमच्या घरात दोन पिढ्या फुलं वाहिली, पण ती वाचता यावी म्हणून कुणी अक्षर शिकलं नाही. पन्नाशीची एक बाई कामावरून दमूनभागून येऊन शिकली ती एका खानावळवालीच्या गोष्टीसाठी. अडकित्ता कुणी पळवला हे कळल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नव्हतं. त्या अभिरुचीला तुम्ही बिघडलेली म्हणा, खुशाल म्हणा.

दोन महिन्यांनी अण्णांचा निरोप आला. "सकाळी पोथीला ये. गोष्टी नकोत." मी उलट निरोप दिला, "दोन्ही असेल तर येते, नाहीतर मी घरी झबली शिवते." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. अण्णांनी पुन्हा बोलावलं नाही आणि मी पुन्हा गेले नाही. माझी नोकरी गेली ती गेलीच. पुढं शाळेत वाचनालय सांभाळलं, बरी वर्षं काढली, पण त्या स्टुलाची सर कशाला आली नाही.

त्या वर्षी श्रावणात मी फुलं आणायला चिकपेटला गेले होते. दुपारची जेवणाची वेळ. कारखान्याच्या खालून जाताना वरच्या खिडकीतून आवाज आला. अडखळत, ठेचकाळत, पण मोठ्यानं कुणीतरी वाचत होतं. तुळसक्का! पुस्तक माझ्याकडूनच तिनं नेलेलं, बापूरावांनी चुकून स्वतःच्या व्याह्याला पकडलं होतं ते. बायका खदाखदा हसत होत्या. जेवणाची सुट्टी त्यांची स्वतःची, त्यात अण्णा काय बोलणार? आणि तेवढ्यात आवाज बदलला. दुसरीच एकजण वाचायला लागली, आणखी हळू, आणखी ठेचकाळत. म्हणजे तुळसक्का थांबली नव्हती तर, पुढं शिकवत सुटली होती.

खोटं कशाला बोलू, मला ते खुपलं. त्यांना माझी गरज उरली नव्हती. आनंद झाला, फार झाला, आणि तरी हातातली फुलांची पुडी मी चुरगाळून टाकली. मी तशीच जिना चढून दारात उभी राहिले.

तुळसक्कानं वर बघितलं. "आत ये," ती म्हणाली, "पण शेवट सांगितलास तर बघ!"

मी चपला काढल्या आणि बायकांच्यात खाली बसले, डबे सरकवून त्यांनी जागा केली. त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकायला बसत होते. शेवट मला पाठ होता. तरी वाचणारीनं चोराचं नाव घेतलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले.